जुन्या पेंटियम एम लॅपटॉपवर ३२-बिट लिनक्स 'पीएई (४ जीबीपेक्षा जास्त मेमरी हाताळण्याची प्रोसेसरची सोय) नाही' म्हणून अडतं. कर्नल (लिनक्सचा गाभा) नव्याने कंपाइल करावा लागेल का?

नाही, बहुतेक वेळा एक बूट पर्याय पुरतो: फोर्सपीएई. २००३-०४च्या सुमारास आलेल्या बऱ्याच पेंटियम एम चिपमध्ये पीएईची सोय असते, पण चिप स्वतःच्या माहितीत ती नोंदवत नाही. कर्नल तेवढ्यावर विश्वास ठेवून थांबतो. म्हणून ३.१५ आवृत्तीपासून (२०१४) हा पर्याय कर्नलमध्येच आहे आणि त्याच्या अधिकृत दस्तऐवजातही दिलेला आहे. ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) मेन्यूवर 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून फोर्सपीएई टाका (इंग्रजी लहान अक्षरांत, सलग: forcepae) आणि एफ१० दाबा. पडद्यावर पीएई जबरदस्तीने चालू केल्याचा इशारा दिसेल. घाबरू नका, तो अपेक्षितच आहे. इन्स्टॉल झाल्यावर हाच शब्द ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये घालून अपडेट-ग्रब चालवा, नाहीतर पुढच्या बूटला पुन्हा तिथेच अडाल.

मात्र ज्या चिपमध्ये पीएई मुळातच नाही, उदाहरणार्थ एएमडी के६, तिथे याचा काही उपयोग नाही. तिथे मात्र कर्नलच्या सेटिंगमधला पीएईचा पर्याय (जुन्या कर्नलमध्ये हायमेम ६४जी) बंद ठेवून, प्रोसेसरचा योग्य प्रकार निवडून कर्नल कंपाइल करावा लागू शकतो. तो दुसऱ्या, वेगवान मशीनवर करा.