क्यू६६०० आणि जीटीएल रेफरन्स

प्रश्न : नमस्कार दादा. माझ्याकडे इंटेलचा जुना कोअर टू क्वाड क्यू६६०० आहे. एफएसबी (प्रोसेसरला बोर्डाशी जोडणारी बस) २६६ वरून ३३३ मेगाहर्ट्झवर नेला, म्हणजे ९ च्या मल्टिप्लायरने ३ गिगाहर्ट्झ. विंडोज नीट चालते; पण प्राइम९५ (प्रोसेसरवर ताण टाकून तपासणारा प्रोग्रॅम) लावलं की दर वेळी त्याचा तिसरा वर्करच (एकेका कोअरवर चालणारा भाग) एरर देऊन थांबतो. व्हीकोअर (कोअरचं व्होल्टेज) १.४० केलं, फरक नाही. कोअर ५८ अंशांवर असतात. बायोसमधल्या जीटीएल रेफरन्सला हात लावू का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : लावा भाऊ, पण आधी व्हीकोअर खाली आणा. ज्याने फरक पडला नाही ते व्होल्टेज नुसती उष्णता वाढवतं. रॅमही आधी ६६७ वर ठेवा, म्हणजे तिच्यावरचा संशय मिटेल.

पडतो तो तोच वर्कर, आणि व्हीकोअरने सुधारत नाही. हे दोन्ही एकत्र आलं की मी जीटीएलकडेच बघतो. या प्रोसेसरच्या झाकणाखाली दोन-दोन कोअरचे दोन वेगळे तुकडे आहेत आणि दोघांना नॉर्थब्रिजकडे (बोर्डावरच्या रॅम सांभाळणाऱ्या चिपकडे) जायला एफएसबी एकच. आलेला सिग्नल वरचा की खालचा, हे प्रत्येक तुकडा एका रेफरन्स व्होल्टेजवरून ठरवतो; तोच जीटीएल रेफरन्स. गिरणेच्या पुलावर पाण्याची खूण असते ना, तशी ही खूण. वेग वाढला की सिग्नल डहुळतो, आणि खूण जरा चुकीच्या जागी असली तरी वाचण्यात घोळ होतो.

व्हीटीटी (एफएसबीचं व्होल्टेज) १.२ व्होल्ट आणि रेफरन्सचं त्याच्याशी गुणोत्तर ०.६७ असेल तर खूण साधारण ०.८० व्होल्टवर येते. व्हीटीटी १.३ केलं की ०.८७. गुणोत्तर देणाऱ्या बोर्डवर ती आपोआप सरकते. मिलीव्होल्ट देणाऱ्या बोर्डवर तुम्हालाच सरकवावी लागते, आणि बरेच जण नेमकं तेच विसरतात. व्हीटीटी १.३ च्या वर मात्र मी नेणार नाही.

कुठला पर्याय कुठल्या तुकड्याचा, हे मॅन्युअलमध्ये बघा. तिसरा वर्कर बहुधा दुसऱ्या तुकड्यावरचा. फक्त त्याचाच रेफरन्स एक पायरी खाली घ्या, बाकी काही हलवू नका आणि प्राइम९५ लावा. एरर लवकर आली तर उलट दिशेने जा. सीएमओएस क्लिअरचा (बायोसची सेटिंग्ज पुसणारा) जंपर कुठे आहे, तेवढं आधी बघून ठेवा.

आता आपल्या उन्हाळ्याचं. खोली २० अंशांवर असताना ५८ दिसत असतील, तर मे महिन्यात ४२ च्या खोलीत तेच कोअर ८० च्या आसपास जातील. थंडीत पास झालेलं सेटिंग खान्देशात पास धरू नका. मे महिन्यात दुपारी तीनला पुन्हा टेस्ट लावा. ८० च्या वर गेले तर एफएसबी ३०० करा. २.७ गिगाहर्ट्झही या प्रोसेसरला चांगलेच आहेत.