फ्रान्सच्या राजदूताने २०२३ मध्ये नायजर सोडायला नकार कसा दिला? यजमान देशाचा आदेश बंधनकारक नसतो का?

असतो, आणि यजमान देशाला कारणही द्यावं लागत नाही. राजनैतिक संबंधांवरच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारातलं कलम ९ बघा. हा राजदूत आम्हाला नको, असं कळवलं की पाठवणाऱ्या देशाने त्याला परत बोलवायचं. वाजवी मुदतीत बोलावलं नाही, तर यजमान देश त्याला राजनैतिक अधिकारी मानायचंच थांबवू शकतो.

फ्रान्सने हे कलम नाकारलं नव्हतं. २६ जुलैला राष्ट्राध्यक्ष बाझूम यांना कैदेत टाकून लष्कराने सत्ता घेतली. ऑगस्टअखेर जनरल चियानींच्या राजवटीने राजदूत सिल्व्हाँ इत्ते यांना ४८ तासांची मुदत दिली. पॅरिसचं उत्तर होतं, हा अधिकार बाझूम सरकारचा, बंडवाल्यांचा नाही.

मला विचाराल तर खरी मेख लष्करी करारांत होती. फ्रान्सबरोबरचे ते करार राजवटीने ३ ऑगस्टलाच, म्हणजे ऐन स्वातंत्र्यदिनी, मोडीत काढले होते आणि फ्रान्सने तेही याच मुद्द्यावर अमान्य केलं होतं. आता राजदूत निमूट परतला, तर राजवटीचा शब्द मानल्यासारखं झालं असतं. मग तिथल्या सुमारे १,५०० फ्रेंच सैनिकांनी कशाच्या आधारावर राहायचं?

कागदावर भूमिका पक्की होती, व्यवहारात लंगडी. कलम २२ मुळे पोलीस परवानगीशिवाय दूतावासात शिरू शकत नाहीत, पण फाटकाबाहेरचा रस्ता यजमानाचाच. राजवटीने इत्तेंचा व्हिसा रद्द केला, राजनैतिक संरक्षण काढलं आणि हद्दपारीचा हुकूम दिला. आत कोणी घुसलं नाही; तशी गरजही नव्हती. सप्टेंबरच्या मध्याला खुद्द मॅक्राँ म्हणाले की राजदूत लष्करी शिध्यावर दिवस काढताहेत. अशा राजदूताला कोण भेटणार, आणि तो मायदेशी कळवणार तरी काय?

२४ सप्टेंबरला मॅक्राँनी राजदूत आणि सैन्य, दोघांची माघार एकाच मुलाखतीत जाहीर केली. दोन्ही प्रश्न एकमेकांत किती गुंतले होते ते यावरून कळतं. इत्ते २७ सप्टेंबरला निघाले, शेवटचे सैनिक २२ डिसेंबरला. त्यानंतर फ्रान्सने राजधानी न्यामेतला दूतावासच बंद केला.

दुसरी वाट होती. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या नव्या राजदूत कॅथलीन फिट्झगिबन न्यामेत दाखल झाल्या, पण अधिकारपत्रं, म्हणजे यजमान राष्ट्रप्रमुखाला द्यायची नेमणुकीची पत्रं, सादर न करता. त्यामुळे राजवटीला औपचारिक मान्यता न देताही बोलणं चालू राहिलं. अर्थात २०२४ मध्ये अमेरिकी सैन्यालाही नायजर सोडावंच लागलं, फक्त ते वाटाघाटी करून, ठरलेल्या मुदतीत निघालं.