आधी दाढ

छत्रपती संभाजीनगरहून एका मुलीचं पत्र आलंय. वय २७, पाणलोटाच्या कामातल्या एका संस्थेत चार वर्षं नोकरी. ब्रिटिश सरकारच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी तिनं अर्ज केला. मार्चमध्ये मुलाखत झाली, निकाल जूनमध्ये. ती लिहिते:

“दिवसातून चाळीस वेळा मेल बघते. कामात लक्ष नाही, एप्रिलपासून एकाही गावाला गेले नाही. आई रोज संध्याकाळी विचारते, ‘आलं का गं काही?’ आणि मी तिच्यावर ओरडते. रात्र रात्र झोप लागत नाही. त्यात जानेवारीपासून दाढ दुखतेय, आईनं पर्समध्ये लवंगांची डबी ठेवलीय, पण ते काय, निकाल लागला की बघू. ताई, मन शांत कसं ठेवू?”

बाळ, चार पानी पत्रात मुलाखतीला तू अडीच पानं दिलीस. कुणी काय विचारलं, कुठं अडखळलीस, बाहेर पडताना कोण हसलं, सगळं लिहिलंस. दाढेला अर्धी ओळ. मी त्या अर्ध्या ओळीशीच अडले. जानेवारी ते मे, पाच महिने तू एका बाजूनं जेवतेयस, आणि तुला ते पत्रात नीट सांगण्याजोगंही वाटलं नाही!

मन शांत ठेवण्याचं नंतर बघू. झोप काळजीनं उडालीय हे कशावरून ठरवलंस? दुखरी दाढ दिवसा कामाच्या गडबडीत गप्प राहते आणि रात्री आडवं झालं की ठणकते. दोन वाजता ठणक्यानं जाग येत असेल, हात मोबाइलकडे जात असेल, मेल नसेल, आणि मेल नाही म्हणून जाग आली असं तू धरून चालली असशील. पाच महिन्यांची ठणक सोसणाऱ्या माणसाची चिडचिड होणारच. तिला निकालाची धास्ती म्हणू नकोस.

मला तुझा राग आलाय, तो लपवत नाही. शिकलेली मुलगी तू. लवंगेनं जागा तेवढ्यापुरती बधिर होते, कीड आपलं काम करतच राहते. आज रूट कॅनॉलवर भागेल, अशीच रेटलीस तर दाढ काढावी लागेल. आणि गाल सुजला किंवा ताप आला तर मात्र दुसऱ्या दिवसाचीही वाट बघू नकोस.

‘निकाल लागला की’ म्हणतेस, तो निकाल तरी नीट समजून घे. तो फक्त हो किंवा नाही असा नसतो. प्रतीक्षा यादीही असते. तिच्यात नाव आलं तर कुणाची तरी जागा रिकामी होईपर्यंत पुन्हा हेच थांबणं, पुढचे कित्येक आठवडे. आणि ‘हो’ आलं, समज. मग अर्जात निवडलेल्या तीनपैकी एका अभ्यासक्रमाचा विनाअट प्रवेश जुलैतच हातात हवा, व्हिसा हवा, व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणी हवी, सप्टेंबरच्या सुमारास वर्ग सुरू. त्या धावपळीत दाढेसाठी तीनदा खुर्चीत बसायला तू जाणार आहेस? नाही जाणार. तू ती दाढ तशीच विमानात घेऊन बसशील. तिकडे व्हिसाबरोबर आरोग्य शुल्क भरलं की सरकारी डॉक्टर मिळतो, पण दातांचे पैसे वेगळे द्यावे लागतात. सरकारी दरात नवा पेशंट घेणारा दंतवैद्य शोधताना तिथल्याच लोकांच्या नाकी नऊ येतात. खासगीत गेलीस तर एका रूट कॅनॉलला शेकडो पौंड. तुझ्या शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे गं, कमी पैशांत तेच काम करून देणारं.

आई रोज विचारते याची तू तक्रार केलीस. या बाबतीत मी तुझी बाजू घेणार नाही. पाच महिने तू घरात दुसऱ्या कशाबद्दल बोललीस का? तिला चीव्हनिंग म्हणजे काय ते नीट माहीत नसेल, पण लेक कुठल्या बाजूनं चावते हे तिनं ताटावरूनच ओळखलंय. म्हणून तर ती डबी. ‘आलं का गं काही?’ हा एकच प्रश्न तू तिला शिल्लक ठेवलास.

आणि ती गावं. या शिष्यवृत्तीला किमान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. म्हणजे त्या गावांनीच तुला मुलाखतीपर्यंत नेलं. वर्षभर शिकून झाल्यावर अट काय आहे? परत येऊन दोन वर्षं मायदेशी राहायचं. म्हणजे पुन्हा त्याच विहिरी, तेच बांध. ऐन मे महिन्यात, टँकरच्या दिवसांत, तू त्यांच्याकडे पाठ फिरवलीस ते मला दाढेइतकंच लागलं.

बाबासाहेब १९१७ साली लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतले, कारण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. परत कधी जाता येईल याची तारीख त्यांना कुणी दिली नव्हती. तुला निदान जून तरी आहे. मधल्या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवत होते, परत जाण्यासाठी पैसे साठवत होते. ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केलं आणि त्याच वर्षीच्या जुलैत ते लंडनला गेले. मधली तीन वर्षं त्यांनी ‘तिकडे गेल्यावर बघू’ म्हणून बाजूला ठेवली नाहीत. त्यांच्याशी कुणाची बरोबरी करायला मी हे सांगत नाही. पण शिष्यवृत्तीचा विषय निघाला की मला बडोद्याच्या पैशांइतकीच ही मधली वर्षं आठवतात.

तेव्हा एवढंच कर. हे वाचशील त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दंत महाविद्यालयात जा आणि केसपेपर काढ. आईला बरोबर ने. वाटेत तिला सांग की दाढ खूप दुखतेय, आणि आजवर सांगितलं नाही हेही सांग. खुर्चीत बसशील तेव्हा मोबाइल तिच्याकडे दे. तेवढ्यात मेल आला तर तिच्या हातात येऊ दे. बैठका किती लागतील ते डॉक्टर सांगतील, पण आत्ता सुरुवात केलीस तर जूनच्या मध्यापर्यंत काम आटोपायला हरकत नाही.

आणि कॅप बसल्यावर त्या बाजूनं पहिल्यांदा काय खाल्लंस, ते मला कळव.