सम्पमधलं पाणी आणि 14 जुलैची तारीख

ठाण्याहून एका वाचकांचा मोठा मेल आलाय. हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीत सहा फुटी फिश टँक बसवून घेतला, खाली स्टँड, स्टँडच्या आत काचेचा सम्प, म्हणजे वरच्या टँकचं पाणी जिथे उतरतं ती खालची टाकी. एकूण 3 लाख 85 हजार दिले. दोनदा सम्प भरून वाहिला, खालच्या मजल्यावरच्या काकांचं पीओपी आणि वॉर्डरोब गेलं, आता स्टँडची खालची प्लाय फुगून टँक एका बाजूला कललाय आणि कंत्राटदार फोन उचलत नाही. असे मेल मला दर पावसाळ्याच्या तोंडावर येतात, कधी मॉड्युलर किचन असतं, कधी टेरेसचं वॉटरप्रूफिंग, या वेळी फिश टँक. कंत्राटदार चुकला की नाही यावर मी वेळ घालवत नाही, तुमचे फोटो पुरेसे बोलतायत. तुमची केस एकाच गोष्टीवर उभी राहणार किंवा पडणार, ती म्हणजे तारीख.

तुम्ही लिहिलंय, "दुसऱ्यांदा पाणी आलं ते 9 मार्च 2024 ला, म्हणजे मार्च 2026 पर्यंत माझ्याकडे वेळ आहे ना?" नाही. असं धरून बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 69 म्हणतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमचं कारण पहिल्यांदा घडलं 14 जुलै 2023 च्या रात्री, सम्प पहिल्यांदा वाहिला तेव्हा. म्हणजे 14 जुलै 2025 ला दोन वर्षं संपतात आणि आज मे 2025 अर्धा सरलाय. ऑगस्ट 2023 ला कंत्राटदाराने येऊन रिटर्नच्या पाइपला, म्हणजे पाणी परत वर टँकमध्ये नेणाऱ्या पाइपला, उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह लावला, ही वेगळी सेवा होती आणि ती फसली मार्चमध्ये, असा युक्तिवाद करता येतो, मी स्वतः केलेला आहे, पण तो उशीर झालेल्या माणसाचा युक्तिवाद आहे. हातात वेळ असताना त्या वाटेला कशाला जायचं?

समोरचा वकील तर याहून मागे जाईल. तो म्हणेल काम पूर्ण झालं 18 नोव्हेंबर 2022 ला, बिल त्या दिवशीचं आहे, दोन वर्षं नोव्हेंबर 2024 लाच संपली, तक्रार फेटाळा. याला उत्तर तुमच्याच मेलमध्ये आहे, पण तुम्ही ते एका ओळीत उरकलंत. तुम्ही म्हणता आधी आठ महिने काहीच झालं नाही कारण लाईट गेली तरी पंप इन्व्हर्टरवर चालू राहायचा, त्या रात्री इन्व्हर्टरची बॅटरीच संपली. अहो, हेच तर सगळ्यात महत्त्वाचं आहे! पंप बंद पडल्याशिवाय हा दोष दिसूच शकत नव्हता. तो पहिल्यांदा दिसला 14 जुलैला, म्हणून मुदत तिथून मोजायची. बॅटरी बदलल्याची पावती आहे का तुमच्याकडे? शोधा, ती पावती तुमच्या केसमध्ये टँकच्या बिलाइतकीच मोलाची आहे.

आता दोष नेमका काय ते ग्राहक आयोगापुढे दोन मिनिटांत कळलं पाहिजे, तिथे बसलेल्या सदस्यांनी सम्प बघितलेला असेलच असं नाही. वरच्या टँकचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपने खाली सम्पमध्ये येतं, पंप ते परत वर ढकलतो. पंप बंद पडला की वर चढवणाराच पाइप सायफन होतो आणि त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत वरचं पाणी खाली ओढतो. तुमच्या मापांवरून हिशोब केला. टँक 6 फूट बाय 2 फूट, म्हणजे एक इंच पाणी साधारण 28 लिटर. रिटर्नच्या पाइपचं तोंड पाण्याखाली 4 इंच, म्हणजे पंप थांबला की जवळपास 113 लिटर खाली येणार. सम्प 3 फूट बाय दीड फूट आणि काठापर्यंत रिकामी जागा 4 इंच, त्यात मावतं 42 लिटर. उरलेलं 70 लिटर कुठे जाणार? काकांच्या पीओपीत. पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली एक छोटं भोक पाडलं असतं तर हवा शिरून सायफन तिथेच तुटला असता, किंवा सम्पवर "याच्या वर पाणी भरू नये" अशी रेघ मारून दिली असती तरी चाललं असतं. त्याऐवजी त्याने व्हॉल्व्ह लावला, आणि असे व्हॉल्व्ह कचरा-क्षार अडकून अर्धवट उघडे राहतात. मार्चमध्ये बहुधा तेच झालं असावं, पण ते इंजिनियरला बघून सांगू दे.

आणि इथे मला तुमच्यावर रागवायचंच आहे. तुम्ही लिहिता की पुढच्या आठवड्यात दुसरा माणूस येऊन जुना सम्प काढून नवा बसवणार आहे. थांबवा त्याला. सम्प गेला, पाइप गेला, व्हॉल्व्ह गेला की तुमच्याकडे राहतं काय? फोटो आणि तुमचं तोंडी म्हणणं. आधी एखादा चांगला स्ट्रक्चरल किंवा प्लंबिंगचा इंजिनियर बोलवा, कंत्राटदाराला मेल आणि रजिस्टर पोस्टाने कळवा की अमुक दिवशी अमुक वाजता पाहणी आहे, तुम्ही हजर राहा. तो येणार नाही, न येऊ दे. टेप लावून मापं घ्या, व्हिडिओ करा, रिपोर्टवर सही-शिक्का घ्या, काढलेला व्हॉल्व्ह पाकिटात सील करून ठेवा. मग खुशाल बदला. पाणी मात्र आजच अर्ध्यावर आणा, आहे त्या अवस्थेचे फोटो काढून झाले की लगेच. पूर्ण भरलेल्या टँकमध्ये 680 लिटर पाणी आहे, काच-वाळू-दगड धरून टनाच्या आसपास वजन, आणि ते फुगलेल्या प्लायवर उभं आहे. कोर्टकचेरी नंतर, घरात लहान मुलं आहेत तुमच्या.

स्टँडबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात पण पाठवलेल्या फोटोंमध्ये मला सगळ्यात भक्कम पुरावा तिथेच दिसला. कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय "स्टँड मरीन प्लाय". मरीन प्लाय म्हणजे पाण्याला टिकणारी, तिचं मानक आयएस 710. तुमचा आठवा फोटो मोठा करून बघा, कॅबिनेटच्या आत डाव्या कोपऱ्यात, जिथे पाइपसाठी भोक पाडलंय त्याच्या वर, निळ्या शाईत अर्धवट कापलेला शिक्का आहे, आयएस 303. ते साध्या कमर्शियल प्लायचं मानक आहे. म्हणजे लिहून दिलं एक आणि बसवलं दुसरं. सायफनवर दोन तज्ज्ञ दोन मतं देतील पण या शिक्क्यावर काय बोलणार? त्याचा जवळून, मोजपट्टी ठेवून, नीट उजेडात फोटो घ्या आणि ती प्लाय काढाल तेव्हा तो तुकडा जपून ठेवा.

कोटेशनच्या खाली जी ओळ आहे, "एकदा पाणी भरून दाखवल्यावर आमची जबाबदारी राहणार नाही", तिला घाबरू नका पण तिच्यावर हल्लाही करू नका. बरेच जण उत्साहात तक्रारीत लिहितात की हा करार अन्यायकारक आहे, तो रद्द करा. तशी मागणी जिल्हा आयोगाच्या अधिकारात येत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते, आणि मग सहा महिन्यांनी तक्रार परत हातात येते, तोवर मुदत उलटलेली. तुम्ही फक्त सेवेतली कमतरता आणि कबूल केलेल्यापेक्षा हलका माल एवढंच मांडा. "मुंबई न्यायक्षेत्र" असंही छापलंय त्यात, त्याने फारसं अडायला नको, 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, म्हणजे ठाण्यात. तुम्ही कंत्राटदाराला दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्यामुळे फी लागत नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येतं. व्हॉट्सॲपचे मेसेज जोडाल तेव्हा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र सोबत लावा, आयोग पुराव्याच्या नियमांबाबत तेवढा कडक नसतो तरी लावा.

दीड वर्ष तुम्ही त्याला मेसेज करत राहिलात. "सीझन संपला की बघू", "माणूस गावाला गेलाय", "पुढच्या रविवारी नक्की". मेसेज केल्याने मुदत वाढत नाही. वकिलाची नोटीस पाठवल्याने वाढत नाही, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवल्याने पण वाढत नाही. उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला आहे पण त्यासाठी सबळ कारण लागतं, आणि "त्याच्यावर विश्वास ठेवला" हे सबळ कारण धरलं जात नाही, मी माणसं याच वाक्यावर परत जाताना पाहिली आहेत. ग्राहक कायद्यातली मुदत गेलीच तर दिवाणी दाव्याला तीन वर्षं असतात, पण तिथे कोर्ट फी आहे, आणि तीन वर्षं कामाच्या तारखेपासून धरली तर तीही 18 नोव्हेंबर 2025 ला संपतात. ग्राहक आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यात लिहिलंय. माझ्याकडे 2019 ची एक तक्रार अजून अंतिम युक्तिवादावर आहे, तारीख पडते आणि कोरम नसतो. मला याची मनापासून चीड येते. लोकांच्या आयुष्यातली वर्षं जातायत यात. पण आयोगाने सहा वर्षं लावली तर चालतात, तुम्हाला मात्र एक दिवस उशीर चालत नाही, हे लक्षात ठेवून जूनच्या पहिल्या आठवड्यात दाखल करा. 14 जुलैची वाट बघू नका, शेवटच्या दिवशी पोर्टल अडकलं तर कोणाला सांगणार?

भिंतीत टँक बसवला म्हणून सोसायटीने तुम्हाला जी नोटीस दिलीय तिच्याबद्दल मला आत्ता ठाम बोलता येणार नाही. भिंत साधी विटांची पार्टिशन होती की आरसीसीची, यावर सगळं आहे. तुमची बिल्डिंग माइवान पद्धतीची, म्हणजे साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींची असेल तर आतल्या भिंतीसुद्धा भार घेतात आणि मग विषय गंभीर होतो. चेअरमननी तोंडी हो म्हटलं होतं याचा उपयोग नाही, परवानगी कमिटीची आणि लेखी लागते. इंजिनियर येईल तेव्हा त्याच्याकडून भिंतीचं आणि स्लॅबवरच्या भाराचं पण लिहून घ्या, आणि नोटिशीला उत्तर मुदतीत द्या, गप्प बसू नका. घराचा विमा असेल तर पॉलिसी काढून बघा, टाकी किंवा पाइप ओसंडून झालेलं तुमच्या घराचं नुकसान काही पॉलिसीत येतं, फिश टँक त्यात बसतो का ते शब्द वाचूनच कळेल.

राहिले काका. तुम्ही विचारलंय की चूक कंत्राटदाराची तर काकांना मी का द्यायचे. 1868 साली इंग्लंडमध्ये अगदी हाच प्रश्न आला होता. एका गिरणीमालकाने कंत्राटदारांकडून तलाव बांधून घेतला, पाणी शेजारच्या खाणीत शिरलं, मालकाची स्वतःची काही चूक नव्हती तरी भरपाई त्यालाच द्यावी लागली. रायलँड्स विरुद्ध फ्लेचर म्हणून आपल्याकडेही तो निकाल सांगितला जातो. घरातल्या टँकला तो जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही, पण काकांना दिलेत ते योग्य केलंत. चुकलात ते 1 लाख 40 हजार रोख दिलेत आणि कागद घेतला नाहीत इथे. ते पैसे कंत्राटदाराकडून मागायचे तर दिल्याचा पुरावा लागेल. काका भले आहेत असं तुम्हीच लिहिलंय, तर या रविवारी खाली जा, त्यांच्याकडून दुरुस्तीची बिलं घ्या आणि "14 जुलै 2023 आणि 9 मार्च 2024 च्या पाणीगळतीच्या नुकसानीपोटी मिळाले" एवढं लिहून, दोन्ही तारखा घालून, त्यांची सही घ्या.