‘पर्यावरणपूरक’ म्हणून विकली जाणारी उपकरणे आणि मोटारी खरोखर कितपत पर्यावरणपूरक असतात?

सौर चार्जर, वीज वाचवणारा फ्रिज आणि विजेवर चालणारी मोटार यांच्यावरचा ‘पर्यावरणपूरक’ हा शिक्का कितपत खरा मानावा, आणि घरातली पेट्रोलची मोटार व्यवस्थित चालत असताना ती काढून विजेवरची घेणे शहाणपणाचे ठरेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा गुण वस्तूच्या अंगचा नसतोच. ती बनवताना किती ऊर्जा आणि खनिजे खर्ची पडली, वापरताना किती पडतात आणि तिच्या येण्याने घरातून नेमके काय गेले, या तिन्हींचा हिशेब मांडल्यावरच तो ठरतो. त्यातला तिसरा आकडा आपण बहुतेक वेळा धरतच नाही.

सौर चार्जरपासून सुरुवात करतो, कारण त्यात मी स्वतः फसलो आहे. पाठीवर तळहाताएवढे सौर पॅनेल असलेली एक पॉवर बँक मी घेतली होती. तिची क्षमता दहा हजार मिलिअँपिअर-तास, म्हणजे साधारण ३७ वॉट-तास होती आणि पॅनेल लख्ख उन्हात जेमतेम दीड वॉट देणारे होते. ती पूर्ण भरायला किमान पंचवीस तास कडक ऊन लागणार, हे साध्या भागाकाराने कळले असते. पण तो भागाकार मी खरेदीनंतर केला. उन्हात ठेवली की ती हातात धरवत नसे इतकी तापायची, आणि लिथियमच्या सेलचे आयुष्य ज्या गोष्टींनी झपाट्याने घटते त्यांत उष्णता अग्रभागी आहे. शेवटी ती मी भिंतीवरच्या प्लगलाच लावून वापरली. फोनच्या एका चार्जिंगला सुमारे १५ ते २० वॉट-तास वीज लागते, म्हणजे रोज चार्ज केला तरी वर्षाला सहा-सात युनिट. तेवढी वीज दोन किलोवॉटचा गीझर साडेतीन तासांत ओढतो. फोनचा पर्यावरणावरचा बहुतांश भार तो कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच पडून गेलेला असतो. त्यामुळे असा चार्जर घेण्यापेक्षा तोच फोन बॅटरी बदलून आणखी दोन वर्षे वापरणे कितीतरी पटींनी परिणामकारक ठरते. जगभरात २०२२ या एका वर्षात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराच्या प्रक्रियेत गेल्याची नोंद आहे. ‘हिरवी’ म्हणून घेतलेली आणि न वापरलेली यंत्रेही याच ढिगात जातात.

फ्रिजचे गणित बरोबर उलटे आहे. तो रात्रंदिवस दहा-पंधरा वर्षे चालतो, त्यामुळे त्याचा मोठा भार वापरातच पडतो आणि कार्यक्षम फ्रिज घेण्याला खरोखर अर्थ असतो. माझा जुना फ्रिज मी आठवडाभर प्लगमध्ये लावायच्या मीटरवर मोजला, तेव्हा तो दिवसाला दीड युनिटाहून थोडी जास्त वीज खात होता; नव्याचा आकडा अर्ध्या युनिटाच्या आसपास आला. दिवसाला एक युनिट वाचले, पण कागदावरच, कारण जुना फ्रिज ‘चालतोय तर असू द्यावा’ म्हणून मागच्या खोलीत गेला आणि त्यात पाण्याच्या बाटल्या थंड होऊ लागल्या. दोघांची मिळून वीज पूर्वीपेक्षा वाढली! तो फ्रिज हलवायला मला सहा महिने लागले, हे कबूल करतो.

तो काढून टाकतानाही एक मेख असते. अनेक जुन्या फ्रिजमध्ये आर-१३४ए हा वायू असतो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता अडवतो. भंगारवाल्याने कॉम्प्रेसरची तांब्याची नळी कापली की ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि शंभरएक ग्रॅम वायू हवेत जातो. त्याचा परिणाम सुमारे १४० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा होतो. दिवसाला एक युनिट वाचवून, कोळशावरची वीज धरली तरी, वर्षाला ३०० किलोच्या आसपास उत्सर्जन टळते. म्हणजे त्या एका क्षणात जवळजवळ सहा महिन्यांची बचत उडून जाते. वायू रीतसर काढून घेणाऱ्याकडेच जुना फ्रिज द्यावा. नवा घेताना मागच्या पट्टीवर आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, लिहिलेले पाहावे. आर-१३४एशी तुलना करता त्याचा तापमानवाढीचा परिणाम नगण्य असतो.

एलईडी दिव्यांबद्दल फारसे वाद नाहीत. साठ वॉटच्या जुन्या बल्बएवढा उजेड नऊ-दहा वॉटमध्ये मिळतो आणि ही बचत खरी आहे. एलईडी दिवा मात्र बंदिस्त काचेच्या गोळ्यात बसवू नये, कारण उष्णतेने एलईडीच्या आधी त्याचे इलेक्ट्रॉनिक सर्किट जाते. आणि वीज कमी लागते म्हणून रात्रभर अंगण उजळून ठेवले, तर बचत तिथेच संपते. यंत्रे कार्यक्षम झाली की कोळशाचा एकूण खप घटण्याऐवजी वाढतो, हे निरीक्षण विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच नोंदवले होते.

आता मोटार. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते, तर विजेच्या मोटारीत बॅटरीतली तीन-चतुर्थांशाहून जास्त पोहोचते. यंत्र म्हणून विजेची मोटार निर्विवाद सरस आहे. वीज कशापासून बनते, हा पुढचा प्रश्न. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. शंभर किलोमीटरला सहा लिटर आणि तेल काढण्या-शुद्ध करण्यातला खर्च धरला, तर किलोमीटरमागे साधारण १७० ग्रॅम होतात. विजेच्या मोटारीला शंभर किलोमीटरला, चार्जिंगमधली गळती धरून, १८ युनिट लागतात असे मानू. निव्वळ कोळशाची, युनिटमागे ९०० ग्रॅमची वीज असेल तर किलोमीटरमागे १६२ ग्रॅम, म्हणजे जवळपास बरोबरी. कोळशाबरोबर इतर स्रोतांतूनही येणाऱ्या, युनिटमागे ४०० ग्रॅमच्या मिश्र विजेवर हा आकडा ७२ वर येतो, आणि नॉर्वेसारखी जवळपास सगळी वीज पाण्यापासून मिळत असेल तर एकआकडीत जातो. तीच गाडी, तेच चार्जिंग, पण फरक वीसपटीहून अधिक.

यात बॅटरी बनवण्याचा भार मिळवावा लागतो. प्रत्येक किलोवॉट-तास क्षमतेमागे साधारण ६० ते १०० किलो उत्सर्जन धरले, तर पन्नास किलोवॉट-तासांची बॅटरी तीन ते पाच टनांची उधारी घेऊनच घरी येते. मिश्र विजेवर किलोमीटरमागे शंभर ग्रॅम वाचत असतील, तर ती उधारी चाळीसएक हजार किलोमीटरमध्ये फिटते. शिवाय जगातले बहुतांश कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येते आणि तिथल्या मजुरांच्या हालअपेष्टा कोणत्याही ग्रॅममध्ये मोजल्या जात नाहीत. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत कोबाल्ट लागत नाही. निवड करता येत असेल तर मी ती घेईन. प्लगवर चार्ज होणाऱ्या हायब्रिडबद्दल, म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेल्या गाडीबद्दल, एवढेच सांगतो, की अनेक मालक ती प्लगला लावतच नाहीत, आणि मग ती वजनदार बॅटरी वाहणारी पेट्रोलचीच गाडी उरते.

आपल्या प्रश्नात मात्र तुलना नव्या पेट्रोल मोटारीशी नसून घरात चालू असलेल्या मोटारीशी आहे. जुनी बनवण्याचा खर्च कधीच होऊन गेला आहे. नवी घेतली तर बॅटरीसोबत सबंध गाडीचा भार, साधारण दहा टन, हिशेबात येतो. मिश्र विजेवर तो फिटायला एक लाख किलोमीटर लागतात. आपण वर्षाला पाच हजार किलोमीटर चालवत असाल तर त्याला वीस वर्षे लागतील, आणि विकलेली जुनी गाडी तोवर दुसरे कुणीतरी चालवतच राहील. अशा वेळी टायरमधली हवा नेमकी ठेवून आहे तीच चालवावी. वर्षाला वीस हजार किलोमीटर होत असतील आणि आपल्याकडच्या विजेत कोळशाचा वाटा निम्म्याहून कमी असेल, तर विजेवरची जरूर घ्यावी. बॅटरी मात्र वर्षातून एकदा होणाऱ्या लांबच्या प्रवासाकडे पाहून न निवडता रोजच्या अंतराकडे पाहून निवडावी.