आयॉनिकच्या बटणाला रंग लागत नाही, ती व्हेरिएबलची नावं सापडतात कुठे?

म्हणजे तुम्ही आयॉनिकच्या (वेब तंत्रावर ॲप बनवायची फ्रेमवर्क) आयॉन-बटन टॅगला सीएसएसमध्ये बॅकग्राउंड-कलर लाल दिलात आणि बटण ढिम्म निळंच राहिलं, मग कोणीतरी म्हणालं की दोन डॅशवालं --बॅकग्राउंड वापर, आणि आता तुम्ही विचारताय की ही नावं लोकांना कळतात कुठून. बटणाच्या कोपऱ्यांत जरा नीट बघा, गोलाईच्या मागून बारीकसं लाल डोकावत असेल. म्हणजे तुमचा रंग लागलाय, पण बाहेरच्या डब्याला. खरं बटण आत शॅडो डॉममध्ये, म्हणजे टॅगच्या आतल्या बंदिस्त एचटीएमएलमध्ये, बसलंय आणि बाहेरचे सिलेक्टर तिथे पोचत नाहीत, पण कस्टम प्रॉपर्टीज, म्हणजे ही दोन डॅशवाली व्हेरिएबल्स, मात्र वारशाने आत उतरतात, म्हणून तर कंपोनंट (असे तयार टॅग) बनवणारे त्या ठेवतात.

डॉक्युमेंटेशनमध्ये प्रत्येक कंपोनंटच्या पानावर खाली यादी असते, ती आहेच. मी स्वतः मात्र सरळ क्रोममध्ये इन्स्पेक्ट करतो. आयॉन-बटनखाली शॅडो-रूट दिसेल, त्याचा बाण उघडा, आत बटन-नेटिव्ह क्लासचा साधा बटन टॅग आहे तो निवडा आणि उजवीकडे स्टाइल्समध्ये जिथे जिथे व्हार (व्हेरिएबलची किंमत घेणारं सीएसएस फंक्शन) लिहिलंय ते वाचत जा. बॅकग्राउंडसमोर व्हार आणि कंसात --बॅकग्राउंड, झालं, हेच नाव! होव्हरच्या रंगाला वेगळं --बॅकग्राउंड-होव्हर आहे, दाबल्यावरच्याला --बॅकग्राउंड-ॲक्टिव्हेटेड. स्पेलिंग कॉपीच करा, हाताने टाइप करू नका, कारण इथे कॅपिटल-स्मॉलनेसुद्धा नाव बदलतं आणि चुकलं तर ब्राउझर एरर वगैरे काही देत नाही, गप्प बसतो.

आणि हे बॉडीवर किंवा बाहेरच्या डिव्हवर लिहून उपयोग नाही हं, कारण कंपोनंट आतून होस्टवर, म्हणजे बाहेरच्या आयॉन-बटन टॅगवर, स्वतःची किंमत ठेवतो आणि वारशाने आलेली मागे पडते. थेट आयॉन-बटनवरच लिहा, तिथे तुमचा नियम होस्टच्या नियमाला भारी पडतो.

अजून एक, ज्यात माझी अख्खी दुपार गेली होती. नाव बरोबर, जागा बरोबर, कॅश तीनदा साफ केली, तरी रंग हलेना. शेवटी एचटीएमएलमध्ये बघितलं तर त्या बटणाला आधीच्या कोणीतरी कलर प्रायमरी देऊन ठेवलेलं. तो ॲट्रिब्यूट असला की आतला बटन-नेटिव्ह --बॅकग्राउंडला विचारतच नाही, थेट त्या पॅलेटमधला रंग घेतो. स्टाइल्समध्ये व्हार --बॅकग्राउंडवाली ओळ खोडलेली दिसली तर हेच झालंय समजा, कलर काढून टाका.

आणि हवी ती गोष्ट बदलायला व्हेरिएबलच नसेल तर त्या आतल्या टॅगला पार्ट, म्हणजे बाहेरून स्टाइल करता यावं म्हणून दिलेलं नाव, आहे का बघा, बटणात पार्टचं नाव नेटिव्ह आहे, मग बाहेरून डबल कोलन पार्ट लावून साधं सीएसएस चालतं.