मार्क सारखे, जून वेगळा

पत्र : मावशी, मी हर्णैचा, वय २३. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. आई लिलावात मासळी घेऊन दापोलीच्या बाजारात विकते. शेजारच्या बोटमालकाचा मुलगा आणि मी दहावीपर्यंत एका बाकावर होतो. मला त्याच्यापेक्षा दोन मार्क जास्तच पडले. त्याचा मामा जहाजावर होता. आज तोही मर्चंट नेव्हीत थर्ड ऑफिसर आहे. मला सायन्सला जायचं होतं, पण त्या जूनला पैशांचं जमलं नाही. कॉमर्स केलं, आता मोबाईलच्या दुकानात आहे. तो गणपतीला आला की आई म्हणते, "त्याच्याकडे बघ जरा." मी त्याला टाळतो. माझं नशीब खोटं, की मीच कमी पडलो?

अरे,

दोन मार्क जास्त होते हे तू पत्रात दोनदा लिहिलंस, मी छापताना एकदाच ठेवलं. पण "त्या जूनला जमलं नाही" हे वाक्य तू घाईघाईत उरकलंस आणि मी तिथेच अडकले.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारलेल्या. तुझे बाबा वाट्यावर काम करणारे. डिझेल, बर्फ, शिधा वजा करून उरेल त्यातला वाटा. बंदीत तो वाटाही नाही, उलट मालकाकडून उचल घ्यायची आणि ती पुढच्या हंगामात फेडत बसायची. नेमकं त्याच महिन्यात कॉलेजची फी, वह्यापुस्तकं, एसटीचा पास आणि क्लासवाल्याचा पहिला हप्ता. शेजारच्यांची बोटही बंदच होती की! पण त्यांच्याकडे मागच्या हंगामाचं काहीतरी उरलेलं होतं. मधे एक भिंत, पण जून दोन घरांत वेगवेगळा आला.

दहावीच्या निकालात आपला कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, तेव्हा हुशारीची वानवा इथे कधीच नव्हती.

दुसरी गोष्ट मामाची. त्यांच्याकडे जेवताना बोलणं निघत असणार की बारावीला फिजिक्स-गणित लागतं, प्रवेश परीक्षा कधी असते, डोळे आधी तपासून घे. तुमच्याकडे निघत असणार, आज वाटा किती आला. अमेरिकेत २०२२ साली ७ कोटींहून जास्त लोकांच्या फेसबुकवरच्या मैत्रीचा अभ्यास झाला. गरीब घरातलं मूल जर अशा वस्तीत वाढलं जिथे त्याच्या ओळखी सधन मुलांच्या ओळखींसारख्या असतील, तर मोठेपणी त्याची कमाई सरासरी २० टक्क्यांनी वाढते, असं त्यात निघालं. आपल्या आज्या हे अभ्यासाशिवाय सांगायच्या: ओळख असली की काम होतं.

माझंच सांगते. वडील मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मनीऑर्डर थांबली. त्या जूनला थोरल्या बहिणीची शाळा सुटली, माझी राहिली, कारण माझी फी कमी होती. एवढंच कारण. ती आज काजूगर सोलते, मी लोकांना सल्ले देते. डोकं तिचं जास्त चालतं, अजूनही.

तेव्हा सोळाव्या वर्षी तू कमी पडला नाहीस. पण आता कान धरते. मामा तुझा नव्हता, मित्र तर तुझा होता! त्याला एकदा तरी विचारलंस का, की माझ्यासारख्याला अजून काही वाट आहे का? ते न विचारणं मात्र जूनच्या माथी मारू नकोस.

ऑफिसरची वाट फिजिक्सशिवाय अवघड आहे. पण दहावीवर सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा, म्हणजे जहाजावरच्या खलाशाच्या कामाचा, कोर्स असतो आणि त्याला वयाची अट २५. म्हणजे तुझ्याकडे फार दिवस नाहीत. संस्था सरकारमान्य आहे का, भरती करणाऱ्या एजंटाकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याचा, परवाना आहे का, हे त्या मित्राकडून तपासून घे. "लगेच जहाजावर चढवतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नकोस. आणि जहाज नकोच असेल तर तेही कबूल कर. त्याच्याकडे आहे म्हणून आपल्यालाही हवं, असं काही नसतं.

आईवर चिडू नकोस. बंदीत सुक्या मासळीची टोपली घेऊन दारोदार कोण फिरलं होतं? त्या जूनचं तिलाही टोचत असणार. तिला एकदा सरळ सांग, "तू म्हणतेस तेव्हा मला लागतं."

गणपतीला तो येईल. तू आरतीला त्यांच्याकडे जातोसच, प्रसाद हातावर पडला की मागच्या दाराने निघतोस. या वेळी पडवीत बस. चहा येईपर्यंत थांब.

तुझी मावशी